दोन शिक्क्यांचा कागद

वेढ्याला चौथा महिना लागला, तेव्हा शत्रूचा वकील तोऱ्यात गडावर आला. "आमची फौज वीस हजार! किल्ल्या द्या, नाहीतर गडाची राख करू."

किल्लेदाराचं तोंड उतरलं. कोठी सांभाळणाऱ्या चिमाबाईंनी मात्र वकिलाला आधी पान वाढलं. पठ्ठ्याने नऊ भाकऱ्या चेपल्या. खाता खाता बोलूनही गेला, की फौजेचं धान्य एका सरदाराकडे, ते वाहणारे बैल दुसऱ्याकडे आणि दोघांत बोलणं बंद.

"किल्ल्या देतो की," चिमाबाई म्हणाल्या. "फक्त कोणाच्या हाती द्यायच्या, ते दोन्ही सरदारांच्या शिक्क्यांनिशी एका कागदावर लिहून आणा."

वरचा शिक्का कोणाचा, यावरून सरदारांत तलवारी निघाल्या. आठवड्यात उपाशी फौज उठून गेली.

गडाने सुटकेचा निःश्वास टाकला. रिकाम्या माळाकडे बघत चिमाबाई म्हणाल्या, "अरे, कागद राहिलाच की!"