तुळोजीचा गळपट्टा

सनईवाल्यांच्या एका गावात तुळोजी नावाचा एक हौशी माणूस राहत होता. गावातले झाडून सगळे पुरुष खांद्यावर पांढरे उपरणे घेत, तेही घडी मोडू न देता. तुळोजीला त्या पांढऱ्याचा भारी कंटाळा! बायका ज्याची चोळी शिवतात तो डाळिंबी खण त्याने गळ्याभोवती गुंडाळला, डाव्या कानाखाली ऐटीत गाठ मारली आणि खुशाल देवळात सनई वाजवायला बसला.

"काय तुळोजी, वहिनींची चोळी गळ्यात अडकली वाटतं?" लोक विचारत.

"अडकली नाही, शोभली!" तो हसून म्हणे आणि सनई तोंडाला लावी.

एकदा राजाची स्वारी गावावरून चालली होती. सनई ऐकून राजा हत्तीवर बसल्या बसल्या डोलू लागला. गर्दीत वादकाचा चेहरा काही दिसेना, डाळिंबी गळपट्टा तेवढा दिसला. राजा पाटलांना म्हणाला, "जत्रेला मी परत येईन. तो गळपट्टेवाला मला राजवाड्याच्या नगारखान्यात वाजवायला हवा."

झाले! गावातले बाकीचे अकरा सनईवाले दुसऱ्याच दिवशी तुळोजीच्या ओट्यावर हजर. "जरा नमुना बघू दे की रे!" तुळोजी पडला भोळा. त्याने गळपट्टा काढून दिला. एकाने रुंदी मोजली, दुसऱ्याने गाठ ओढून पाहिली. अकराव्या हातातून परत आला तेव्हा त्याच्या पार चिंध्या झाल्या होत्या. शिवाय त्या पठ्ठ्यांनी घराघरातल्या बायकांच्या पेट्यांमधून खण पळवले ते वेगळेच.

जत्रेच्या सकाळी तुळोजी कोष्ट्याकडे धावला. एकच डाळिंबी खण उरला होता. तो घेऊन गडी नाचतच घरी आला, तर बायको सुंदराबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी. मागे आळीतल्या साऱ्या बायका.

"अहो, देवीची ओटी भरायची आहे आणि गावात एक कोरा खण नाही! सगळे त्या मेल्यांच्या गळ्यात!"

तुळोजीने खण छातीशी धरला. राजा त्याला ओळखणार होता तो या गळपट्ट्यावरूनच. खण दिला की नगारखाना गेला. आणि नगारखान्यात वाजवायचे म्हणून तर तो लहानपणापासून सनई घोटत होता. त्याने एकदा खणाकडे पाहिले, एकदा बायकांच्या रडवेल्या तोंडांकडे.

"घ्या," तो म्हणाला. "आधी देवीची ओटी."

पण रिकामा गळा काही त्याला बघवेना. त्याने जुन्या धोतराची पट्टी फाडली, हळदीच्या पाण्यात बुचकळली, ओलसरच गळ्याभोवती घेतली. पुढे लोंबणाऱ्या टोकांची वेणी घातली आणि वेणीत झेंडूची फुले खोवली. आरशात पाहून स्वारी खूश! "व्हायचं ते होवो, आज आपण झकास दिसतोय बुवा."

राजा आला. समोर अकरा डाळिंबी गळपट्टे, अकरा गाठी, सगळ्या डाव्या कानाखाली. कडेला एक पिवळा.

"महाराज, तो मीच!" अकराही जण एकदम ओरडले. राजाने साऱ्यांवरून नजर फिरवली आणि पिवळ्याकडे बोट केले. "तू वाजव."

तुळोजीने सनई फुंकली. राजा डोलू लागला, बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, पाटलांचीसुद्धा मान हलू लागली. नगारखान्याची जागा तुळोजीला तिथल्या तिथे मिळाली.

"पण महाराज, ओळखलंत कसं?" पाटलांनी विचारले.

राजा हसला. "अहो पाटील, सगळं गाव पांढरं घालत होतं तेव्हा हा डाळिंबी घालून बसला होता. आज सगळे डाळिंबी घालून आल्यावर तो त्यांच्यात कसा सापडेल?"

तात्पर्य: दुसऱ्याचा पोशाख उचलता येतो, त्याची हौस उचलता येत नाही, म्हणून आपल्याला आवडेल ते घालावे आणि आनंदाने मिरवावे.