पिठाचं बोट

एका गावात एक मंडळ होतं, आणि त्या मंडळात एक पाट होता.

गाव घाटमाथ्यावरचं. तिथे धुकं पाहुण्यासारखं यायचं आणि घरच्यासारखं राहायचं. सकाळी देऊळ दिसायचं नाही, नुसती घंटा ऐकू यायची. दुपारी देऊळ दिसायचं आणि समोरचा डोंगर नाहीसा व्हायचा. गावातल्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. जे दिसत नाही तेही आहेच, असं धरून ते चालत.

मंडळ भरायचं यशोदाकाकूंच्या पिठाच्या गिरणीत, वरच्या माळ्यावर. ते लिनक्सवाल्यांचं मंडळ होतं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली. तिला मालक नाही. जगभरच्या माणसांनी ती थोडी थोडी करून घडवली आणि ज्याला हवी त्याला देऊन टाकली. आता बिनमालकाच्या गोष्टीत काही अडलं, तर गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं? म्हणून लोक एकमेकांकडे जात. दर रविवारी दुपारी माळ्यावर आठ-दहा माणसं जमायची. खाली गिरणी घरघरायची, वर जुने संगणक गुणगुणायचे, आणि खिडकीतून आत आलेलं धुकं उडालेल्या पिठात मिसळून जायचं. तिथे घटकाभर बसलं की आपण जागे आहोत की डोळा लागलाय, हे पटकन कळत नसे.

नव्या माणसाने पहिल्या दिवशी आंब्याच्या लाकडाच्या पाटावर बसायचं, अशी तिथली रीत होती. पाटावर बसून आपली ओळख सांगायची. नाव, गाव, आणि अडलंय कुठं. शिक्षण कुणी विचारत नसे, हुद्दाही नाही. पण तिसऱ्या प्रश्नातून सुटका नव्हती. मंडळ सुरू झालं तेव्हा खुद्द यशोदाकाकू पहिल्यांदा त्या पाटावर बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "नाव यशोदा. गाव हेच. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी दिसत्यात, ती मोठी करता येत न्हाईत." तेवढं बोलून त्या लाजल्या होत्या. पण लगेच कुणीतरी सरकून जवळ आलं होतं आणि म्हणालं होतं, "माझंबी तसंच झालं होतं." तेव्हापासून ज्याने आपलं अडलेलं सांगितलं, त्याच्या कपाळाला काकू पिठाचं बोट लावत. बोट लागलं की माणूस मंडळाचा झाला. मग त्याला कुणीही काहीही शिकवावं.

एका रविवारी शहरातून बदली होऊन आलेला हेरंब नावाचा तरुण माळ्याचा जिना चढून वर आला. पाटावर बसला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र थांबला.

त्याचं अडलं नव्हतं असं नाही. त्याच्या संगणकाला आवाजच नव्हता. किती दिवस झाले, तो मुका होता. पण हेरंबला लहानपणापासून एकच शिकवण मिळाली होती : झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिल्याच भेटीत अनोळखी माणसांपुढे मूठ उघडायची, तीही रिकामी? त्याने मान ताठ केली.

"अडलं असं काही नाही," तो म्हणाला. "मला बहुतेक सगळं येतं."

कुणी हसलं नाही, कुणी नाकही मुरडलं नाही. काकूंनी पिठाचं बोट वर उचललं होतं, ते त्यांनी पदराला पुसलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "अडंल तवा सांग."

आणि त्यांनी त्याला चहा दिला.

त्यानंतर हेरंब दर रविवारी येऊ लागला. लोक त्याच्याशी चांगलं वागत. पण त्याला शिकवायला कुणी जवळ सरकत नसे. ज्याला सगळं येतं त्याला काय शिकवणार? उलट लोकच त्याला विचारायला येत. मग तो काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेई. घरी गेल्यावर मुक्या संगणकासमोर बसे आणि खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत राही. माणसांत बसूनही एकटं कसं वाटतं, हे त्याला या माळ्यावर कळलं. खोटं बोलणारे सुखात असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तरी हेरंबचा चेहरा बघायला हवा होता.

अशात एका रविवारी सुगंधा नावाची बाई आपला जुना संगणक टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन आली. पाटावर बसली आणि एका दमात बोलली.

"नाव सुगंधा. गाव खालच्या खोऱ्यातलं. ह्यो डबा चालंना. नुसता काळा पडदा दावतोय. ह्याच्या आत माझ्या अण्णांची सनई हाय."

तिचे वडील भिवाजीअण्णा देवळातले सनईवाले. आयुष्यभर त्यांनी पहाटे सनई वाजवून देव उठवला. मग त्यांना दमा लागला. छातीत वारा पुरेना. सनई खुंटीला गेली ती गेलीच. पण त्याआधी सुगंधाने त्यांचं वाजवणं फोनवर टिपून या संगणकात ठेवलं होतं. रोज संध्याकाळी अण्णा ते ऐकत आणि मग जेवत. संगणक बंद पडल्यापासून म्हातारा बोलेनासा झाला होता. ताट तसंच राही.

"ती सनई मिळाली न्हाई, तर माझा अण्णा आतनं इझून जाईल," सुगंधा म्हणाली, आणि तिने डोळे पुसले.

काकूंनी तिच्या कपाळाला पिठाचं बोट लावलं. मग त्यांनी माळ्यावर नजर फिरवली. सगळं येणारा एकच माणूस तिथे होता.

"हेरंब, बघतोस का रं?"

नाही म्हणायची हीच वेळ होती. हेरंब म्हणाला, "बघतो की. किरकोळ काम आहे."

खिडकीजवळच्या मेजावर, सगळ्यांकडे पाठ करून, तो संगणक मांडून बसला. सुगंधा शेजारी उभी राहिली. हेरंबला एकच गोष्ट ऐकून ठाऊक होती. बिघडलेली प्रणाली नव्याने घातली की संगणक चालू होतो. त्याने नवी प्रणाली भरलेला खिशातला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर अक्षरं उमटली : या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं का?

सगळं म्हणजे नक्की काय काय, हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. चार पावलांवर विचारायला माणसं होती, चहा पीत गप्पा मारत होती. त्याने विचारलं नाही. त्याने 'हो' वर बोट दाबलं.

पडद्यावर एक निळी पट्टी उगवली आणि हळूहळू भरू लागली. नवी प्रणाली आत उतरत होती. छान दिसत होतं ते. सुगंधाही कौतुकाने बघत राहिली. मग सहज म्हणाली, "दादा, अण्णांची सनई आधी बाजूला काढून ठेवलीसा न्हवं?"

हेरंबच्या आता ध्यानात आलं. सनई त्याच डिस्कवर होती.

निळी पट्टी पुढे सरकत होती. खाली गिरणी घरघरत होती. बाहेरच्या धुक्यात डोंगर नव्हता, देऊळ नव्हतं, काहीच नव्हतं. हेरंबच्या मनात एक गोड विचार आला. पट्टी पुरी भरू द्यावी. संगणक नवा कोरा होऊन सुरू होईल. मग म्हणावं, ताई, डिस्क आधीच खराब झाली होती, सनई केव्हाच गेली होती. कुणाला कळणार आहे? मूठ झाकलेलीच राहील. सुगंधाला फक्त एकदा खोटं सांगायचं. सगळं येतं हे एक खोटं बोलून झालंच होतं, त्यात आणखी एक.

तो गप्प बसला. पट्टी सरकत राहिली. त्याने सुगंधाच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. तिच्या कपाळावर पीठ होतं, आणि ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

हेरंबने हात घातला आणि संगणकाची वायर उपटली.

पडदा विझला. तो मागे वळला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"काकू, मला येत नाही. मी सनई पुसली."

सगळे धावत आले. सुगंधाने रिकामी टोपली पोटाशी धरली. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"कुनी हात लावू नगा त्या डब्याला," काकू म्हणाल्या. मग सुगंधाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ऐक बाई. दारावरची पाटी काढली म्हणून घरातली माणसं जात न्हाईत. पुसलं म्हंजी नुसती पाटी काढली. पर त्या जागंवर दुसरं घर उभं राह्यलं, की मातुर गेली. ह्यानं वायर कवा काढली, त्यावर हाय सगळं."

"मग आता काढायची कशी सनई?" सुगंधाने विचारलं.

काकूंनी विझलेल्या पडद्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ते मला बी न्हाई येत." आणि हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की हेरंब त्यांच्याकडे बघतच राहिला.

माळ्यावर तेवढं येणारं कुणीच नव्हतं. पण जगभरच्या अशा मंडळांचा मिळून इंटरनेटवर एक मोठा कट्टा होता. तिथे विचारायचं ठरलं. कोण लिहिणार?

"ज्याचं अडलं त्यानं," काकू म्हणाल्या.

त्या कट्ट्यावरही नव्या माणसाने आधी ओळख सांगायची असते. हेरंब लिहायला बसला. त्याने लिहिलं : माझं नाव हेरंब. मी घाटमाथ्यावरच्या एका गावातून लिहितोय. मला काही येत नसताना येतं म्हणालो, आणि एका म्हाताऱ्या माणसाची सनई पुसून बसलो. ती परत कशी आणू?

आता हजारो अनोळखी लोक हसणार, असं त्याला वाटलं. तो डोळे मिटून बसला.

थोड्या वेळाने धुक्यात दिवे लागावेत तशी एकेक उत्तरं येऊ लागली. कुठल्याशा बेटावरच्या बाईने लिहिलं, मी लेकीच्या लग्नाचे फोटो असेच पुसले होते, घाबरू नकोस. बर्फाच्या देशातल्या एका आजोबांनी लिहिलं, वायर उपटलीस हे फार चांगलं केलंस, आता मी सांगतो तसं कर. त्यांनी एकेक पायरी सांगितली. हेरंब प्रत्येक पायरीला अडला, आणि प्रत्येक वेळी त्याने विचारलं. विचारायला लागल्यावर त्याला थांबवेना. माळ्यावरची माणसंही त्याच्याभोवती सरकून बसली. काही त्यालाच शिकवत होती, काही त्याच्याबरोबर शिकत होती.

पुढच्या रविवारपर्यंत पुसलेल्या डिस्कमधून तुकडे वर येऊ लागले. त्यांची नावं गेली होती, सूर राहिले होते. कुठला तुकडा कशाचा, हे सांगायला एकच माणूस होता. सुगंधाने वडिलांना हाताला धरून जिना चढवून आणलं. भिवाजीअण्णा धापा टाकत बसले. हेरंब कोपऱ्यात मान खाली घालून उभा राहिला.

काकूंनी एकेक तुकडा लावला. पहिला सूर निघतो न निघतो तोच म्हातारा ओळखू लागला. ही लग्नातली. ही पालखी निघतानाची. त्यांचे डोळे चमकू लागले. शेवटी आली ती पहाटेची, देव उठवायची सनई. सूर हळूच उगवला, चढला, आणि मध्येच तुटला.

ती निळी पट्टी तिथवर पोचली होती. हेरंब विचार करत गप्प बसला होता, तेवढ्यात गेलेला तो तुकडा होता. तो आता कुणालाच परत आणता येणार नव्हता.

माळ्यावर नुसती शांतता उरली. काकूंनी खालची गिरणी बंद करायला लावली होती, त्यामुळे तिचाही आधार नव्हता. हेरंबला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

आणि मग त्या शांततेत कुणीतरी गुणगुणू लागलं. भिवाजीअण्णांचे डोळे मिटलेले होते. छातीत वारा नव्हता, आवाज फाटलेला होता, तरी सनई जिथे तुटली होती तिथूनच ते पुढे निघाले होते. मधेच खोकले, थांबले, पुन्हा लागले. तुटलेल्या जागेपलीकडे सनई पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यांचा सूर तिला बरोबर जाऊन मिळाला. सुगंधा रडू लागली. कितीतरी दिवसांनी तिने वडिलांचा आवाज ऐकला होता.

हेरंबने पुढे होऊन म्हाताऱ्याचे पाय धरले. "अण्णा, तेवढं माझ्यामुळे गेलं."

भिवाजीअण्णा म्हणाले, "पोरा, सूर चुकला की वाजवणाऱ्याला आधी कळतंय. तो झाकायला जोरात फुंकलं, की फुडचं बी समदं जातंय. तू फुंकायचा थांबलास. म्हणून एवढं तरी ऱ्हायलं."

त्या दिवशी म्हातारा माळ्यावरच जेवला. काकूंच्या ताज्या पिठाची भाकरी होती.

सगळे हात धूत होते, तेव्हा हेरंबने आंब्याचा पाट ओढला आणि न सांगताच त्यावर जाऊन बसला. माणसं आपोआप भोवती जमली.

"नाव हेरंब," तो म्हणाला. "गाव आता हेच. माझ्या संगणकाला आवाज येत नाही. पहिल्या दिवसापासून येत नाही."

"एवढंच?" काकू हसायला लागल्या. "आरं, त्याच दिशी सांगितलं असतंस तर चा निवायच्या आत झालं असतं!"

आणि त्यांनी पिठात बोट बुडवून त्याच्या कपाळाला लावलं.

तात्पर्य: झाकली मूठ सव्वा लाखाची असेलही, पण झाकलेल्या मुठीत कुणाला काही ठेवता येत नाही. जिथे शिकायला जाल तिथे नावागावाबरोबर आपलं अडलेलंही सांगा. सांगणाऱ्याला क्षणभर लाज वाटते, पण न सांगितल्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.