माईआजीचं चेंडूफूल

एक होती मुंगी. नाव तिचं चिंगी. एवढीशी, पण तोरा केवढा!

चिंगी राहायची माईआजीच्या अंगणात. अंगणात एक चेंडूफूल यायचं. लाल लाल, गोल गोल. वर्षातून एकदाच, भर उन्हाळ्यात. मग ते गुडुप! मातीखाली त्याचा कांदा झोपून जायचा. वर काही म्हणजे काही दिसायचं नाही.

फूल उमललं, की माईआजी खाली वाकायची. म्हणायची, "चिंगे, पहिला थेंब तुझा!"

चिंगी मध प्यायची. गटक!

पण मग माईआजी देवाघरी गेली. अंगण गप्प झालं. आबाआजोबांचे गुडघे दुखायचे. आबा म्हणाले, "आता कमी कामाची बाग करू या. दारात मोगरा राहू दे. कुंपणाला कोरांटी. इथे काय, नुसती माती! इथे फरशी टाकू."

धप्प! पडली फरशी.

उन्हाळा आला. चिंगी आली तुरूतुरू, तुरूतुरू. बघते तर काय? फूल नाही! तिने फरशीला कान लावला. खालून आवाज आला. टुक टुक. टुक टुक. चेंडूफुलाचा कोंब डोकं आपटत होता. अंधारात पिवळा पडला होता बिचारा.

चिंगीला रडूच आलं.

चिंगी म्हणाली, "फरशीताई, फरशीताई, हल ना!
कोंब येईना वर."

फरशी म्हणाली, "मी नाही हलणार. पहार उचलेल तर हलेन."

चिंगी गेली पहारीकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"पहारमावशी, पहारमावशी, उचल ना!
फरशी हलेना,
कोंब येईना वर."

पहार म्हणाली, "मी नाही उचलणार. आबा धरतील तर उचलेन."

चिंगी गेली आबांकडे. तुरूतुरू, तुरूतुरू. आबा पायरीवर बसले होते. शेजारची जागा रिकामी होती.

"आबा, आबा, उठा ना!
पहार उचलेना,
फरशी हलेना,
कोंब येईना वर."

आबा म्हणाले, "कसला गं कोंब? तिथे नुसती माती आहे. मी नाही उठणार. माझी नात हाक मारेल तर उठेन."

नातीचं नाव पर्णू. आजी गेल्यापासून पर्णू मोठ्याने एक शब्द बोलली नव्हती. पांघरुणात तोंड खुपसून पडली होती.

चिंगी गेली पर्णूकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"पर्णू, पर्णू, हाक मार ना!
आबा उठेनात,
पहार उचलेना,
फरशी हलेना,
कोंब येईना वर."

पर्णू अगदी हळू म्हणाली, "मी नाही हाक मारणार. माईआजीचा वास आला तर मारेन."

माईआजीचा वास? तो तर मोगऱ्याचा! रोज गजरा माळायची ना ती.

चिंगी गेली मोगऱ्याकडे. तुरूतुरू, तुरूतुरू. पाय दुखले. तरी गेली.

"मोगरादादा, मोगरादादा, फुल ना!
पर्णू हाक मारेना,
आबा उठेनात,
पहार उचलेना,
फरशी हलेना,
कोंब येईना वर."

मोगरा म्हणाला, "मी नाही फुलणार. माझी माती दगड झालीय. माईआजी खुरपं घेऊन यायची. आता कोण येणार?"

चिंगीने डोळे पुसले. "माती? अरे, माती तर मीच उकरते!"

चिंगी लागली कामाला. कण कण, कण कण. मुंग्या आल्या रांगेने. कण कण, कण कण. माती झाली भुसभुशीत.

मग काय!

मोगरा फुलला घमघम.
पर्णूने हाक मारली, "आबा! उठा ना! फरशीखाली कोणीतरी आहे!"
आबा उठले, हाशहुश्श.
पहार उचलली, खण्ण.
फरशी हलली, सर्र.
आणि कोंब आला वर!

वाकडा झाला होता. पण आला.

आबा बघतच राहिले. "अरेच्चा! हे तर माईचं चेंडूफूल! आणि मी म्हटलं, नुसती माती." आबांचे डोळे भरून आले. "याचं तर काहीच करावं लागत नाही. आपलं आपण येतं. मीच वाट अडवून बसलो."

मग एके सकाळी फूल उमललं. लाल लाल, गोल गोल, थोडं कलतं.

चिंगी देठापाशी उभी राहिली. वर चढेना. आता कोण म्हणणार?

आबा खाली वाकले. गुडघे कुरकुरले.

"चिंगे, पहिला थेंब तुझा."

चिंगी मध प्यायली. गटक!

मग आबा रडले. पर्णू रडली. चिंगीही रडली, एवढुस्सं.

फूल सुकलं. कांदा पुन्हा झोपला. पर्णूने भोवती गोल गोल खडे मांडले.

अंगणात हळू पाऊल टाका हं. खाली कोणीतरी झोपलंय.