नगराध्यक्षांचं पान

निंबवली नगरपालिकेच्या पोर्टलवर लॉगिन केलं, की ज्याला त्याला त्याचं वेगळं पान दिसायचं. रहिवाशांना तक्रारी दिसत, इंजिनिअरांना फुटलेल्या पाइपलाइनी. नगराध्यक्ष दौलतराव शेलारांना मात्र सकाळी सकाळी रडगाणं खपत नसे. ते ऐकवणाऱ्या दोघा कर्मचाऱ्यांची बदली कचरा डेपोवर झाली होती. आता दौलतराव चहासोबत आपलं पान बघत आणि खुशीत असत.

एक दिवस राज्याचं तपासणी पथक येणार, अशी बातमी आली. दौलतरावांनी पोर्टल सांभाळणाऱ्या वैदेही खरातला बोलावलं.

"मॅडम, पथकासाठी वेगळं पान करा. पाणी रोज, दिवे सगळे चालू, तक्रार एकही नाही. जमत नसेल तर डेपोवर जागा रिकामी आहे."

 वैदेहीने आवाज सरळ ठेवला.

"नवं कशाला करायचं साहेब? तसं पान तयारच आहे."

"शाब्बास! कुणासाठी केलं होतंत?"

"तुमच्यासाठी. दोन वर्षं तुम्ही रोज तेच बघताय."

दौलतरावांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांनी हळूच विचारलं, "मग खरं पान कुणाला दिसतं?"

"तुम्ही सोडून सगळ्या गावाला."