दामोदरची सकाळ

सन २०१८ चा माघ महिना, थंडीचा कडाका ओसरत आलेला. त्या दिवसांत एकदा एक बाई दिव्यांगांच्या निवासात मदतनीसाचे काम शिकायला आली. नाव कौसल्या. नवरा सोडून गेलेला, पदरी सात वर्षांची मुलगी. महिनाभर शिकायचे, शिकवणाऱ्या वृद्ध अण्णांनी होकार दिला तर नोकरी आणि राहायला खोली. नाही दिला तर मायलेकींनी पुन्हा भावाच्या ओसरीवर पथारी पसरायची.

कौसल्येने बारा वर्षे शिंप्याकडे काजबटणाचे काम केले होते. आपल्या हातांच्या वेगाचा तिला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. पहिल्याच सकाळी तिने दामोदरच्या सदऱ्याची सहा बटणे बघता बघता लावून टाकली. दामोदर तिशीचा, जन्मापासून बोटे आखडलेली.

अण्णा आले. त्यांनी सहाही बटणे काढली आणि चालते झाले.

कौसल्येला ते झोंबले. आजवर तिच्या कामावर कोणी बोट ठेवले नव्हते. मागोमाग जाऊन तिने चूक विचारली.

अण्णा म्हणाले, "बटणं तो रोज स्वतः लावतो. पाऊण तास लागतो. दिवसभरात सगळं त्याचं असं तेवढंच एक काम आहे. तुझ्या लेकीनं पहिल्यांदा स्वतः घातलेली वेणी तू सोडलीस का, पोरी?"

कौसल्येने ती सोडून पुन्हा घातली होती.

"हात चालवणं तुला येतं. आता थांबवणं शीक. आजची सकाळ तू त्याला देणं लागतेस."

दुसऱ्या दिवशी ती दामोदरसमोर हात पदरात गुंडाळून बसली. तिसरे बटण चारदा निसटले. तिची बोटे पदरातल्या पदरात वळवळत होती. न्याहारीची घंटा झाली, खोल्या रिकाम्या झाल्या. व्यवस्थापक डोकावले आणि म्हणाले, "बाई, नुसतं बसायला आलात का?"

कौसल्येने मान वर केली. "होय साहेब. आज बसायचंच काम आहे."

दामोदर खो खो हसला. "हसवू नका हो. निसटलं ना परत."

दारामागे अण्णा उभे होते. त्यांनी व्यवस्थापकांना सांगितले की महिना थांबायची गरज नाही, खोलीची किल्ली बाईंना द्यावी.

कौसल्येने तिकडे पाहिलेही नाही. सहावे बटण काजात गेले. देणे फिटले.