देवाच्या पाठीमागची पाल

डोंगरावरच्या देवळाला अजून दार बसलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथे मूर्तीच्या पाठीमागे एक म्हातारी पाल राहायची. सगळा जन्म इथे गेला, देवाचं मला सगळं ठाऊक आहे, असं ती सांगायची.

रोज सकाळी एक खार उंबऱ्यावर येई आणि आ वासून बघत बसे. "अगंबाई, आजही आहे," म्हणे.

पालीला हे काही खरं वाटेना. तोच दिवा, तीच जास्वंद, त्यात रोज नवल कसलं? हिचा डोळा नक्की प्रसादाच्या खोबऱ्यावर असणार. चोरी करताना हिला धरायची आणि देवळातून कायमची हाकलायची, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्याच्या फटीत दबा धरून बसली. खार आली. खोबऱ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मग ही बघते तरी काय, म्हणून पालीने मान वळवली. उन्हाची तिरीप मूर्तीच्या चेहऱ्यावर पडली होती. पालीने आजवर देवाची फक्त पाठच पाहिली होती.

"पालमावशी, तुम्ही इथे कशा?" खारीने विचारलं.

"जरा सरक," पाल म्हणाली, "मला नीट दिसत नाहीये."