तिसऱ्यांचं ताट

“खाडीचं पाणी अगदी निर्मळ आहे, महाराज!” जलपरीक्षक दुर्गाजीरावांनी चांदीचा तांब्या दरबारात उंच धरला.

दर महिन्याला ते हेच सांगत. तपासणी करायची तीही ऐन भरतीला! तेव्हा समुद्राचं ताजं पाणी थेट राजवाड्याच्या पायरीला लागे. ओहोटीला चिखलात उतरावं लागलं असतं, आणि रावसाहेबांचे जोडे पडले मखमली!

त्याच चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढून पोट भरणारी चांगुणा दरबारात पुढे आली.

“महाराज, कापडं रंगवायच्या तुमच्या रंगशाळेची मोरी खाडीत सुटते. ओहोटीला बगा, पाणी तांबडं नि तिसऱ्या मेलेल्या! आमच्या गावानं खायाचं काय?”

राजा भानुदेव भडकला. रंगशाळेतला किरमिजी फेटा त्याच्याच डोक्यावर होता ना!

“माझ्या परीक्षकापेक्षा तू शहाणी? ठीक! पाणी वाईट आहे, हे उद्या याच्याच तोंडून वदवून घे. नाही जमलं, तर तुझ्या गावानं किनारा सोडायचा!”

दुर्गाजीराव गालातल्या गालात हसले. खरं बोलून चांगली नोकरी घालवायला ते काही वेडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी राजाची पंगत बसली होती. चांगुणा वाफाळतं भांडं घेऊन आली आणि तिने दुर्गाजीरावांना भरभरून वाढलं.

“रावसाहेब, निर्मळ पाण्याबद्दल गावाकडून तुमचा मान! खाडीच्या तिसऱ्या, खोबऱ्याचं वाटण लावून!”

रावसाहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं. घास उचलला, ओठांपर्यंत नेला... आणि हात थांबला.

“काय गं, काढल्यास कुठून या?”

“खाडी सगळी निर्मळ ना? मग कुठून का असंनात!”

“तसं नव्हे... रंगशाळेच्या मोरीपाशी तर नाही ना?”

“तिथलं पाणी वायलं हाय काय, रावसाहेब?”

राजाने मान वळवली. “खा की, दुर्गाजी!”

“महाराज, आज माझा उपवास आहे!”

“उपवास? आत्ता तर तीन पापलेटं संपवलीस!”

“पण महाराज, ते विष पोटात गेलं तर—”

दुर्गाजीरावांनी जीभ चावली, पण फार उशिरा. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती.

चांगुणेने त्यांच्याच ताटातली एक तिसरी उचलून मिटक्या मारत खाल्ली.

“घाबरू नका. शेजारच्या खाडीतनं भैनीकडून आणल्यात. मी पाव्हण्याला वाईट वाढीन व्हय?”

राजा इतका हसला, की फेटा घरंगळून आमटीत पडला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. “आणखी काय हवं, माग!”

“एवढंच, महाराज. तपासणी ओहोटीला व्हावी, मोरीच्या तोंडाशी. आणि तिथल्या तिसऱ्या रावसाहेबांनी तुमच्यापुढं खाव्यात. शिजवून मी देईन की!”

“मंजूर!” राजा डोळे पुसत म्हणाला. “पहिली तपासणी उद्याच!”

संध्याकाळच्या आत रंगशाळेची मोरी दगडमातीने बुजली. बुजवली खुद्द दुर्गाजीरावांनी, मखमली जोड्यांसकट चिखलात उतरून!